सहा वाजून गेले, मूल अजून इथेच: पाळणाघरातला उशीर आणि जादा वेळेची फी

घरगुती पाळणाघरात मूल सोडायला सहसा कोणी उशीर करत नाही, कारण पुढे ड्युटी गाठायची असते. उशीर होतो तो न्यायला. खान्देशात त्याची कारणंही ठरलेली आहेत. जळगाव-भुसावळ, जळगाव-पाचोरा, अमळनेर-धुळे असं रोज अप-डाउन करणारे शिक्षक आणि बँकेतले लोक. भुसावळचा रेल्वेचा रनिंग स्टाफ, म्हणजे गाडीवर ड्युटी करणारे ड्रायव्हर-गार्ड, ज्यांना ड्युटीवर जायची वेळ असते पण सुटायची नसते. दीपनगरच्या वीज केंद्रातल्या शिफ्ट. एमआयडीसीत पुढच्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून थांबावं लागलेला बाप. यातला बहुतेक उशीर बेफिकिरीचा नसतो. तरीही सहाला बंद होणारं पाळणाघर एका मुलासाठी पावणेसातपर्यंत उघडं राहिलं, तर त्याचा भार कोणावर तरी पडतोच. नियम ठरलेला नसेल तर तो दर वेळी पाळणाघरवाल्या ताईवर आणि तिच्या मदतनीस मावशींवर पडतो.

पुढचे आकडे आठ मुलांचं, एका मदतनीसाचं, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आणि महिन्याला २६ दिवस चालणारं पाळणाघर धरून मांडले आहेत. तुमची फी, पगार, गाव वेगळं असेल, तर आकडे बदला. हिशेबाची रीत तीच राहते.

पहिला हिशेब स्वतःशी

उशिराची फी सांगितली की पालक मनातल्या मनात एक भागाकार करतात. महिन्याची फी ३,५०० रुपये. २६ दिवस, रोज ९ तास, म्हणजे २३४ तास. तासाला पडले १५ रुपये. मग अर्ध्या तासाचे साडेसात रुपये व्हायला हवेत, ताई शंभर कशाचे मागतात? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आकड्यातच तयार ठेवावं.

दिवसभर तासाला १५ रुपये परवडतात, कारण आठ घरं मिळून खर्च उचलतात. सहानंतर सात मुलं गेलेली असतात आणि सगळा खर्च एका मुलावर येतो. मावशींचा पगार ६,००० असेल तर त्यांचा तास साधारण २६ रुपयांचा. कारखान्यात जादा वेळ दुप्पट दराने मोजतात. तोच न्याय लावला तर अर्ध्या तासाचे २६ रुपये. तुमचा स्वतःचा वेळ असा काढा: आठ मुलांचे २८,०००, त्यातून मावशींचे ६,००० आणि खाऊ, गॅस, लाइट, साबण-फिनेल, खेळण्यांचे ५,००० वजा केले की १७,००० उरतात. भागिले २३४, म्हणजे तासाला ७३ आणि अर्ध्या तासाला साधारण ३६ रुपये. मुलाला दूध-केळं द्यायचे १५. अंधार पडल्यावर मावशी पायी जाणार नाहीत, त्यांच्या रिक्षाचे २५. बेरीज होते १०२.

म्हणून या उदाहरणात उशिराचा दर अर्ध्या तासाला १०० रुपये. यात दंडाचा एक रुपया नाही, हा खर्च आहे. पालकांना तो याच भाषेत सांगा. ‘दंड’ हा शब्द नियमाच्या कागदावर, पावतीवर, बोलण्यातही आणू नका. दंड म्हटलं की माणूस आपली चूक नव्हती हे पटवायला लागतो आणि सगळं बोलणं तिकडे वळतं. ‘जादा वेळेची फी’ म्हटलं की वेळ झाला की नाही एवढाच प्रश्न उरतो, आणि तो घड्याळ सोडवतं.

दहा-वीस रुपये लावण्यापेक्षा काहीच लावू नका

नातं बिघडायला नको म्हणून बऱ्याच ठिकाणी २० रुपये लावून बघतात. त्याने उशीर वाढतो. हे तपासलेलं आहे. १९९८ साली इस्राएलमधल्या हायफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्टिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांत वीस आठवडे नोंदी ठेवल्या. पहिले चार आठवडे नुसती मोजणी झाली. मग त्यांतल्या सहा पाळणाघरांत दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला १० शेकेल लावले. तिथली महिन्याची फी तेव्हा १,४०० शेकेल होती, म्हणजे रक्कम अगदीच किरकोळ. उशिरा येणारे पालक कमी न होता जवळजवळ दुप्पट झाले. सतराव्या आठवड्यापासून ती रक्कम काढून टाकली, तरी उशीर पहिल्यासारखा खाली आला नाही.

कारण समजायला सोपं आहे. पैसे नसतात तेव्हा पालकाला संकोच असतो: ताई थांबल्या असतील, त्यांच्या घरचा स्वयंपाक खोळंबला असेल. वीस रुपये लावले की तो संकोच वीस रुपयांत फिटतो. आणि एकदा फिटलेला संकोच, वीस रुपये बंद केल्याने परत येत नाही. म्हणून दर लावायचा तर खरा खर्च निघेल असा लावा, नाहीतर शब्दावरच चालू द्या. अधलामधला दर सगळ्यात महागात पडतो.

रोजचा उशीर वेगळा, अडचणीचा उशीर वेगळा

हे दोन एकाच नियमात बसवायला गेलं की दोन्हीकडून तक्रार येते. ज्या आईची गाडीच ६:२० ला स्टेशनात येते, ती रोज पावणेसातलाच येणार. तिला रोज उशिराची फी लावणं अन्यायाचं, आणि रोज सोडून देणं तुमच्यावर अन्यायाचं. तिच्यासाठी वाढीव वेळेचा ठरलेला दर हवा.

समजा ६ ते ७:३० अशी वाढीव वेळ ठेवली. महिन्याचे ३९ तास होतात. मावशींची वेळ आधीच ठरलेली असल्याने इथे साधा दर चालेल, पण तो त्यांना विचारून ठरवा. ३९ तासांचे १,००० रुपये त्यांचे. तुमच्या वेळेचे साधारण २,८३०. तीन मुलं असतील तर प्रत्येकी साधारण १,२८०, वर खाऊचे रोज १५ प्रमाणे ३९०. म्हणजे एका मुलाचे १,६७० ते १,७०० रुपये. एकच मूल असेल तर हाच आकडा ४,२०० च्या वर जातो आणि कोणीही देणार नाही. म्हणून तीन मुलं होईपर्यंत वाढीव वेळ सुरू करू नका. दोन घरं विचारत असतील तर त्यांनाच तिसरं घर शोधायला सांगा. गरज त्यांची असते, आणि आपल्या ऑफिसात किंवा रोजच्या गाडीच्या डब्यात अशी अडचण आणखी कोणाची आहे हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

रनिंग स्टाफ, नर्स, पोलीस यांचं रोजचं काहीच ठरलेलं नसतं. त्यांना महिन्याचा दर उपयोगाचा नाही. त्यांच्यासाठी कळवून थांबणं: दुपारी २ च्या आत सांगितलं तर ७:३० पर्यंतचे २०० रुपये, न सांगता थांबावं लागलं तर अर्ध्या तासाला १०० प्रमाणे त्याच वेळेचे ३००. फरक १०० रुपयांचाच आहे, पण दुपारी कळलं की खिचडीला एक मूठ जास्त भिजते, मावशी घरी निरोप देतात आणि मुलाला दुपारी वेळेवर झोपवता येतं. संध्याकाळच्या चिडचिडीचं निम्मं कारण दुपारची चुकलेली झोप असते.

हंगामी दिवस आधीच ओळखून ठेवा. दिवाळीच्या आधीचा आठवडा सराफ आणि कापड दुकानांत काम करणाऱ्यांचा, ३१ मार्च बँकवाल्यांचा, निवडणूक शिक्षक-महसूलवाल्यांची, गणपती बंदोबस्तवाल्यांचे. या दिवसांचं पंधरा दिवस आधी विचारा आणि तेवढ्यापुरती वाढीव वेळ ठरवा. आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) उलट. त्या आठवड्यात मावशी स्वतः माहेरी जातात, गल्ली रिकामी असते, एकटीने मुलं सांभाळायची असतात. तेव्हा ‘या आठवड्यात सहानंतर कोणत्याही दराने थांबता येणार नाही’ असं स्पष्ट सांगा. पैसे दिले की थांबणं हक्काचं होतं, असा समज कधीच होऊ देऊ नका.

वेळ कशी मोजायची: घड्याळ, दार, दहा मिनिटं

भांडण पैशावरून कमी होतं, मिनिटांवरून जास्त. आपल्याकडे बऱ्याच घरांत भिंतीवरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे ठेवायची पद्धत आहे. पाळणाघराच्या खोलीत तसं चालणार नाही. दारातून दिसेल असं एक घड्याळ लावा, दर सोमवारी मोबाइलच्या वेळेशी जुळवा, आणि उशीर त्याच घड्याळाने मोजला जाईल असं कागदावर लिहा.

न्यायची वेळ ‘६ वाजेपर्यंत’ अशी न लिहिता ‘५:४५ ते ६:००’ अशी लिहा. पालक दारात आल्यापासून चपला, डबा, बाटली, ओले कपडे, दिवसभराची विचारपूस यात सहज सात-आठ मिनिटं जातात. बरोबर सहाला आलेला पालक सहा वाजून आठ मिनिटांनी निघतो आणि दोघांच्याही मनात वेळ पाळलेली असते. उशीर मात्र पालक दारात आला तेव्हापासून मोजा, गप्पांमध्ये गेलेला वेळ धरू नका. विचारपूस कमी करायला लावणारा नियम मुलाच्या तोट्याचा.

सवलत दहा मिनिटांची पुरे, पण ती महिन्यातून तीनदाच. असं लिहिलं नाही तर तीन आठवड्यांत बंद व्हायची वेळ सहा वाजून दहा होते. चौथ्या वेळेपासून सवलत नाही. दहा मिनिटांच्या पुढे गेलं की मोजणी ६ पासूनच, आणि सुरू झालेला अर्धा तास पूर्ण धरायचा. ६:११ ला शंभर, ६:३० लाही शंभर, ६:३१ ला दोनशे. मिनिटाला अमुक रुपये असा दर ऐकायला न्याय्य वाटतो, पण दारात उभं राहून गुणाकार करावा लागतो आणि तिथेच आवाज चढतो.

सख्खी भावंडं असतील तर वेळेची फी घरामागे एकदाच घ्या, दुसऱ्या मुलाचे फक्त खाऊचे १५. तुम्ही आणि मावशी दोन मुलांसाठी काही दुप्पट वेळ थांबत नाही.

वही

शंभर पानी साधी वही, दाराजवळ, दोरीने बांधलेलं पेन. रकाने: तारीख, मूल, कळवल्याची वेळ, आल्याची वेळ, कोणी नेलं, किती अर्धे तास, रक्कम, सही. एक ओळ अशी दिसते:

१४ जुलै – (मुलाचं नाव) – ५:३८ ला आईचा फोन, बस पाळधीला थांबली – ६:४१ – आजोबा – २ – २०० – सही

‘कळवल्याची वेळ’ हा रकाना गाळू नका. ५:३८ ला कळवणारा आणि ६:२० पर्यंत फोन न उचलणारा, दोघांचा उशीर सारखा असला तरी वागणं सारखं नाही. पुढे सूट द्यायची की समज द्यायची, हे याच रकान्यावरून ठरतं.

सही नेणाऱ्याची घ्या, पैशाचं बोलणं त्याच्याशी करू नका. न्यायला आलेल्या आजोबांना उशीर का झाला हे माहीत नसतं, दर माहीत नसतो. त्यांना दारात रक्कम सांगितली की घरी सुनेला ऐकून घ्यावं लागतं आणि ते तुमच्या नावावर जमा होतं. त्यांना एवढंच म्हणा: “आबा, वेळेच्या पुढे सही करा, बाकीचं मी ताईंना कळवते.” आणि त्याच रात्री आईला किंवा वडिलांना, जो फी भरतो त्याला, एक मेसेज:

‘ताई, आज बाळाला ६:४१ ला आबांनी नेलं. जादा वेळ दोन अर्धे तास, २०० रुपये, जुलैच्या हिशेबात धरलेत. केळं आणि अर्धा कप दूध घेतलंय, जेवायला थोडं उशिरा बसवा.’

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. मुलाचं पोट भरलं होतं हे वाचल्यावर दोनशे रुपये कशाचे, ते वेगळं सांगावं लागत नाही. हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर कधीही टाकू नका, नाव न घेताही नाही. ‘काही पालक सारखे उशिरा येतात’ हे वाक्य ग्रुपवर पडलं की उशिरा येणारे सोडून बाकी सगळ्यांना लागतं.

दारात काय बोलायचं, काय नाही

धावत आलेल्या आईला सॉरी म्हणू द्या, “असू द्या ताई” म्हणा, आणि मूल हातात द्या. “काही हरकत नाही” हे मात्र टाळा. हरकत असते, आणि रात्री रकमेचा मेसेज गेल्यावर ते वाक्य खोटं ठरतं. मुलासमोर उशीर, पैसे, ‘रोजचंच झालंय’ यातलं काही बोलू नका. तीन वर्षांच्या मुलाला हिशेब कळत नाही, आपल्यामुळे कोणीतरी वैतागलंय एवढं बरोबर कळतं. रोजच्या उशिराचं बोलायचं असेल तर शनिवारी दुपारी फोन करा. संध्याकाळी दारात तुम्हीही थकलेल्या, तीही थकलेली.

नात्यातलं, शेजारचं, गावाकडच्या ओळखीचं मूल असेल तर कोणीतरी म्हणणारच: “घरचेच आहेत, काय धरायचं?” सवलत द्यायचीच तर महिन्याच्या फीमध्ये द्या आणि कागदावर लिहा. उशिराची फी सगळ्यांना सारखी. गावं लहान आहेत. एका घराला माफ केलेले शंभर रुपये आठ दिवसांत बाकीच्या सात घरांना कळतात.

सूट कधी

सूट माणूस बघून देऊ नका, कारण बघून द्या, आणि कारणं आधी लिहून ठेवा: अपघात, दवाखाना, महामार्ग बंद, गाडी रद्द, नाल्याला पूर. गाडी ‘लेट’ होणं या यादीत नको. रोज अप-डाउन करणाऱ्याला गाडी लेट होते हे माहीत असतं, त्यासाठी त्याने गावातला एक माणूस ठरवून ठेवायला हवा. सूट दिली तरी वहीत पूर्ण ओळ लिहा, रकमेपुढे ‘सूट, गाडी रद्द’ असं लिहा आणि मेसेजही तसाच पाठवा: ‘२०० रुपये होतात, गाडी रद्द झाल्यामुळे घेत नाही.’ न लिहिलेली सूट दोन महिन्यांत हक्क होते.

सूट दिलेल्या दिवशीही मावशींचे पैसे द्यावे लागतात. माफी तुम्ही दिली आहे, त्यांनी नाही. शंभरातले पन्नास, म्हणजे जादा वेळेचे आणि रिक्षाचे, त्याच संध्याकाळी त्यांच्या हातात द्या. महिनाअखेरीवर ठेवले तर मावशींच्या लेखी ते पगारातच मिसळतात, आणि पुढच्या वेळी सहाला पदर खोचून त्या निघतात. त्यांचं काही चुकत नाही.

मुलाचा तो अर्धा तास

बाकीची मुलं एकेक करून जातात, दिवे लागतात, आणि एक मूल दाराकडे बघत बसतं. त्या वेळी त्याला चपला-बूट घालून, पाठीला दप्तर लावून तयार ठेवायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे, पालक आले की लगेच निघता यावं म्हणून. ती मोडा. बूट घातलेलं मूल प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठतं. पिशवी भरून दाराजवळ ठेवा, बूट बाहेरच राहू द्या, आणि मुलाला आत हाताला काम द्या: मटार सोलणं, रुमालाच्या घड्या, वाट्या एकात एक रचणं. “तुझी मम्मी अजून नाही आली?” हा प्रश्न घरातल्या कोणीही विचारायचा नाही, हे तुमच्या मुलांना आणि सासूबाईंनाही सांगून ठेवा. “मम्मी गाडीत बसलीय, आपण केळं खाऊन होईपर्यंत येईल” असं म्हणा, पण ती बसली आहे हे फोनवर कळलं असेल तरच.

खायला केळं, दूध-दशमी, मऊ खिचडी. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहान मुलांना देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात, आणि संध्याकाळी घाईत लक्ष कमी असतं. याच वेळी तुमच्या घरचा स्वयंपाक सुरू होतो, म्हणून मूल ओट्याजवळ नको. फोडणी देताना मूल मावशींच्या नजरेत हवं. मावशी गेल्या असतील तर मूल जाईपर्यंत फोडणी थांबवा. एकटं मूल घरातल्या शाळकरी मुलावर किंवा शेजारणीवर ‘पाच मिनिटं बघा’ म्हणून सोपवू नका. मे महिन्यात संध्याकाळीही भिंती तापलेल्या असतात. ओसरीवर वाट बघत बसवू नका, आत कूलरच्या खोलीत ठेवा आणि पाणी पाजत राहा. लाइट जाते तेव्हासाठी चार्जिंगचा दिवा दाराजवळ. जास्तीचं एक लंगोट किंवा डायपर आणि एक चड्डी नेहमी पिशवीबाहेर.

कोणीच आलं नाही, फोन लागत नाही

प्रवेशाच्या वेळी चार नंबर घ्या: आई, वडील, आणि त्याच गावात राहणारी दोन माणसं. दुसऱ्या गावच्या मामाचा नंबर इथे कामाचा नाही. नेऊ शकणाऱ्या प्रत्येकाचा फोटो फॉर्मला लावा. नवीन माणूस येणार असेल तर आई-वडिलांपैकी एकाने स्वतः फोन करून नाव सांगायचं, आणि आलेल्याने ठरलेला एक शब्द सांगायचा. त्याशिवाय सख्खा काका असला तरी मूल द्यायचं नाही.

६:१० ला आईला, लगेच वडिलांना फोन. लागला नाही तर मेसेज, कारण रेंज आली की तो तरी दिसतो. ६:३० ला तिसरा आणि चौथा नंबर. ७ ला आई-वडिलांच्या कामाच्या ठिकाणी फोन, म्हणून तो नंबरही फॉर्मवर हवा. प्रत्येक फोनची वेळ वहीत लिहा. मुलाला गाडीवर बसवून तुम्हीच त्याच्या घरी सोडायला जाऊ नका. वाटेत चुकामूक होते, घराला कुलूप असतं, आणि अपघात झाला तर जबाबदारी तुमची. ८ पर्यंत चारांपैकी कोणाशीच बोलणं झालं नाही तर ११२ किंवा मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा. दोन तासांनी हा फोन करणार हे नियमाच्या कागदावर आधीच लिहिलेलं असावं, म्हणजे नंतर कोणी “पोलिसांना कशाला सांगितलं?” म्हणत नाही.

नेणारा माणूस दारू पिऊन आला तर मूल देऊ नका, वाद घालू नका. “बाळ जेवतंय भाऊ, बसा दोन मिनिटं” म्हणून दार लोटून घ्या आणि दुसऱ्या पालकाला बोलवा. त्या वेळेची फी लावू नका.

वसुली, आणि शेवटचा उपाय

प्रवेशाच्या वेळी ५०० रुपये डिपॉझिट घ्या. उशिराची रक्कम महिन्याच्या फीसोबत वेगळ्या ओळीत दाखवा आणि ५ तारखेपर्यंत मागा. १० तारीख उलटली तर डिपॉझिटमधून वळती करा, आणि डिपॉझिट पुन्हा ५०० करायला सांगा. पैसे थकले म्हणून मूल, दप्तर, डबा अडवून धरायचा नाही. खाऊ कमी करायचा नाही. असं एकदाही झालं तर आतापर्यंत तुमचं खरं असलेलं सगळं खोटं पडतं.

आधीपासून चालू असलेल्या पाळणाघरात हे सगळं नव्याने आणायचं असेल तर जूनची वेळ चांगली. शाळा सुरू होतात, सगळ्यांच्या वेळा तशाही बदलतात. मेमध्ये एका पानाचा कागद मराठीत लिहून प्रत्येक घराला द्या, दोन प्रतींवर सह्या घ्या, एक त्यांच्याकडे. पंधरा कलमं लिहू नका: न्यायची वेळ, सवलत, दर, सूट द्यायची कारणं, दोन तासांचा नियम, एवढं पुरे.

महिन्यात तीनदा उशीर झाला की फोनवर बोलणं. पाचदा झाला तर वाढीव वेळ घ्या किंवा गावातला माणूस ठरवा, दोन्हीपैकी एक लिहून घ्या. पुढच्या महिन्यातही तेच राहिलं तर १५ दिवसांची मुदत देऊन जागा मोकळी करायला सांगा. फी वेळेवर येत असली तरी सांगा, कारण रोज सहानंतरचा तास तुमच्या स्वतःच्या मुलांच्या अभ्यासाचा असतो. मुदत द्या पण महिन्याच्या मधेच मूल थांबवू नका, दुसरी सोय व्हायला वेळ लागतो. शेवटच्या दिवशी डिपॉझिटचा हिशेब चिठ्ठीवर लिहून उरलेले पैसे परत करा, आणि चादर, जास्तीचे कपडे, बाटली, औषधाची डबी मोजून पिशवीत घालून द्या.